पॉलिनेशियन लोकांचा वनस्पतिसंसार आणि त्याचे ग्रंथकार

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट हे तीन कोन धरून पॅसिफिक महासागरांत एक त्रिकोण काढला तर त्यांत जीं बेटें सांपडतात त्यांस पॉलिनेशिया असें नांव आहे. युरोपियन गलबतें तेथें पोंचण्यापूर्वीं त्या बेटांवर धातूचें हत्यार नव्हतें, ओझ्याचें जनावर नव्हतें, आणि मातीचीं भांडीं करण्याची विद्या पूर्वजांस अवगत असूनहि पुढें ती लोपली होती. तेव्हां घर, नौका, वस्त्र, दोर, दिवा, औषध, वाद्य, जें जें म्हणून संसारास लागतें त्यांतील बहुतेक सर्व या लोकांनीं झाडामाडांपासून, दगड, हाड व शिंपला यांच्या हत्यारांनीं सिद्ध केलें. या विषयावर इंग्रजींत लहानमोठे पुष्कळ ग्रंथ आहेत. त्यांपैकीं इझाबेला ॲबट यांचा ‘लाआउ हवाई’ हा होनोलुलू येथील बिशप म्यूझियमनें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ आम्हीं नुकताच पुन्हां एकदां वाचला. तो वाचीत असतां, अशा विषयावर ग्रंथ लिहावा तरी कसा, हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार उभा राहिला. त्याविषयीं येथें चार शब्द लिहीत आहों.

मराठी वाचकानें हा ग्रंथ उघडला तर प्रथम त्यास मोठी मौज वाटेल. ज्या झाडांचीं नांवें तो सातासमुद्रांपलीकडचीं म्हणून वाचूं लागतो तीं झाडें त्याच्याच परसांतील निघतात. हवाईंतील ‘कालो’ म्हणजे आपलें अळू, ‘ओलेना’ म्हणजे हळद, ‘को’ म्हणजे ऊस, ‘निउ’ म्हणजे नारळ, ‘हाला’ म्हणजे केवड्याच्या जातीचें झाड, ‘कामानी’ म्हणजे कोंकणच्या किनाऱ्यावरील उंडी. आणि ज्याच्या ठेक्यावर तेथील हुला नृत्य चालतें तें ‘इपु’ हें वाद्य म्हणजे आपल्या कडू भोपळ्याचाच भाऊबंद. हें साम्य निव्वळ योगायोगाचें नव्हे. यांतील कित्येक वनस्पतींचें मूळ घर आग्नेय आशिया व न्यू गिनी यांच्या बाजूस आहे. पॉलिनेशियन लोकांच्या पूर्वजांनीं त्या नौकांत घालून, रोपें ओलीं ठेवून, बेटामागून बेट करीत पूर्वेकडे नेल्या. मात्र ही मौज फार वेळ टिकूं देऊं नये. ओळखीचें झाड दिसलें कीं त्याचें कामहि ओळखीचेंच असणार अशी आपली समजूत होते, आणि अळवाच्या फदफद्यापलीकडे ज्याची दृष्टि गेलेली नाहीं त्यास त्या समजुतीपायींच ‘कालो’ म्हणजे काय तें कळत नाहीं.

हवाई लोकांच्या कथेप्रमाणें वाकेआ या आदिपुरुषाचें एक अपत्य मृत जन्मलें. तें घराजवळ पुरलें, आणि त्या जागीं अळू उगवलें. पुढें दुसरा मुलगा झाला. त्यास त्या थोरल्याचेंच हालोआ हें नांव ठेविलें, आणि त्याच्यापासून मनुष्यांचा वंश चालला. म्हणजे अळू हें मनुष्याचें अन्न खरें, पण नात्यानें तें त्याचा थोरला भाऊ. धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी आणि थोरल्यानें धाकट्यास पोसावें, असा हा व्यवहार. कुटुंबाला हवाई भाषेंत ‘ओहाना’ म्हणतात. तो शब्द अळवाच्या गड्ड्यास जें पिल्लू फुटतें त्याच्या ‘ओहा’ या नांवावरून आला आहे. गड्डा काढला म्हणजे त्याचा माथा देठांच्या बुडख्यासह कापून घेतात व तोच पुन्हां चिखलांत रोवतात. बीं पेरण्याचें कारण पडत नाहीं. तेव्हां पणजोबांनीं लावलेलें अळू आणि पणतूच्या शेतांतील अळू हीं एकाच देहाचीं, असें म्हणण्यास वनस्पतिशास्त्राचीहि हरकत नाहीं.

हें अळू ओढ्याचें पाणी पाटानें आणून बांधलेल्या खाचरांत होतें. पाण्यास ‘वाइ’ म्हणतात आणि संपत्तीस ‘वाइवाइ’. गड्डा कच्चा खाल्ला तर घसा खाजून जीव नकोसा होतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. म्हणून तो जमिनींत खणलेल्या भट्टींत तापलेल्या दगडांवर पुष्कळ वेळ भाजावयाचा, सोलावयाचा, लांकडी पाटावर दगडी बत्त्यानें कुटावयाचा, आणि पाणी घालून त्याचा ‘पोइ’ करावयाचा. दोनतीन दिवस ठेवल्यास पोइ आंबते व कित्येकांस ती तशीच अधिक रुचते. हें सारें काम पुरुषांचें होतें. १८१९ सालीं जुने निर्बंध मोडले जाईपर्यंत हवाईंत स्त्रीपुरुष एकत्र जेवीत नसत, आणि दोघांचाहि स्वयंपाक वेगवेगळ्या भट्ट्यांत पुरुषच करीत. आमच्या घरोघरच्या वाचकभगिनींनीं या वाक्याचा उपयोग जरा जपून करावा; कारण त्याच निर्बंधांनीं स्त्रियांस डुकराचें मांस, नारळ आणि बहुतेक जातींचीं केळीं वर्ज्य होतीं. पोइचें भांडें उघडें असतां घरांत कोणीं भांडण काढूं नये, असा एक दंडक होता; थोरला भाऊ पानावर येऊन बसला आहे, हा त्यांतील भाव.

आतां या सर्वांची नोंद वनस्पतींच्या यादींत कशी होते तें पाहावें. ‘अळू : कंद व पानें खाद्य.’ संपलें! कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरींत (१७७२–७५) आपल्या वडिलांबरोबर गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टर या तरुण निसर्गशास्त्रज्ञानें दक्षिण समुद्रांतील बेटांच्या खाद्य वनस्पतींवर १७८६ सालीं एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. त्या काळीं, त्या वयांत, जहाजाच्या हेलकाव्यांत असें काम करणें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु नांव, वर्णन आणि शेवटीं उपयोग, हा जो साचा अशा ग्रंथांनीं रूढ केला त्यांतून पुढील लेखक क्वचितच सुटले. आमचे निघंटुहि याच वळणाचे आहेत. पानाचा आकार किंवा फुलाचा रंग जसा झाडाच्या अंगचा, तसाच उपयोगहि झाडाच्या अंगचा, अशी या पद्धतीची मूळ समजूत. आम्हांस ती चुकीची वाटते. उपयोग करणाऱ्याच्या हातीं असतो. तो हात थांबला कीं झाड जागच्या जागीं उभें राहतें आणि उपयोग नाहींसा होतो.

याचा पुरावा इतिहासानें एकदां फार महाग पाडून दिला आहे. ज्यास आपल्या कोंकणांत नीरफणस म्हणतात, त्या आपल्या फणसाच्या सख्ख्या कुळांतील झाडावर ताहिती आणि मार्केसस बेटांचा निर्वाह चाले. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळेवाल्यांस गुलामांसाठीं स्वस्त अन्न हवें होतें. सर जोसेफ बँक्स यांनीं नीरफणसाची शिफारस केली, आणि ब्लाय याच्या हाताखालीं ‘बाउंटी’ जहाज ताहितीस गेलें. त्यानें १,०१५ रोपें जहाजावर चढविलीं. पुढें २८ एप्रिल १७८९ रोजीं जहाजावर जें बंड झालें तें जगप्रसिद्ध आहे. बंडवाल्यांनीं रोपें समुद्रांत फेंकून दिलीं. ब्लाय दुसऱ्या खेपेस पुन्हां गेला आणि १७९३ सालीं सेंट व्हिन्सेंट व जमेका येथें रोपें सुखरूप पोंचलीं, वाढलीं, फळलींहि. परंतु ज्यांच्यासाठीं हा खटाटोप त्या गुलामांनीं तें फळ बराच काळ तोंडांत धरलें नाहीं. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. मार्केसस बेटांतील लोक हीं फळें पानांनीं मढविलेल्या खड्ड्यांत भरून आंबवीत. तो आंबवलेला गोळा वर्षानुवर्षें टिके आणि दुष्काळांत गांव जगवी. झाडाच्या चिकानें नौकेच्या फटी बुजवीत, कोंवळ्या सालीचें वस्त्र करीत, लांकडाची होडी करीत. हें सर्व मागें ठेवून ‘फळ खाद्य’ एवढीच ओळ जहाजांत भरून नेली, तर दुसरें काय व्हावें? पुढें वेस्ट इंडीजमधील लोकांनीं त्या झाडाचा स्वतःचा पाक निर्माण केला आणि आज तें फळ तेथें आवडीनें खातात. पण तो संसार त्यांनीं आपल्या हातांनीं नव्यानें थाटला, ब्लायच्या जहाजांतून तो आला नव्हता.

इझाबेला ॲबट यांचा ग्रंथ आम्हांस विशेष मोलाचा वाटतो तो याच कारणास्तव. त्यांनीं वनस्पतींच्या नांवांचा क्रम न धरतां जीवनाच्या व्यवहारांचा क्रम धरला आहे : शेती, अन्न, वस्त्र, घर, नौका व मासेमारी, औषध, देवकार्य, नृत्यगायन. एकच झाड त्यामुळें चार प्रकरणांत चार वेळां भेटतें, आणि दर वेळीं निराळ्या माणसाच्या हातांत. लेखिकेचा अधिकारहि दुहेरी आहे. माउई बेटावर हाना येथें १९१९ सालीं त्यांचा जन्म झाला. आई हवाई वंशाची, वडील चिनी. समुद्रांतील शेवाळें ओळखावयास व रांधावयास त्या आईपाशीं शिकल्या, आणि पुढें त्याच शेवाळांच्या शास्त्रांत १९५० सालीं डॉक्टरेट मिळवून स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाल्या. २०१० सालीं त्या निवर्तल्या. आईच्या स्वयंपाकघरांतील ज्ञान आणि प्रयोगशाळेंतील ज्ञान यांपैकीं एकास लाजून दुसऱ्याची पाठ थोपटणें, हा जो दोष आमच्याकडील शिकलेल्यांत पदोपदीं दिसतो, त्याचा या ग्रंथांत मागमूस नाहीं.

‘कुकुइ’चेंच उदाहरण घ्यावें. हें जंगली अक्रोडाच्या जातीचें झाड. याच्या बियांचा गर इतका तेलकट असतो कीं, भाजून सोललेल्या बिया नारळाच्या हिरावर ओळीनें ओंवून वरचीला पेटविली म्हणजे एकामागून एक जळत खालीं येतात. तोच घरांतील दिवा. बी जळून आली कीं खालचीस ज्वाला लावून देण्याचें काम पोरांचें. भाजलेला गर मिठाबरोबर वाटला कीं ‘इनामोना’ नांवाचें तोंडीलावणें. जळक्या बियांची काजळी गोंदण्यास व कापड रंगविण्यास. आणि समुद्रावर वारा असतां कोळी हाच गर चावून पाण्यावर थुंके, म्हणजे तेलाचा तवंग पसरून लाट निवे व तळ दिसे. दिवा, चटणी, शाई आणि समुद्राचा आरसा, हीं सारीं एकाच बीमधून निघतात. यादी करणारा हीं चारी नांवें लिहील. पण बी खालीं आली आहे हें पाहत पेंगुळलेलें पोर त्याच्या यादींत यावयाचें नाहीं.

वस्त्राचें प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटलें. ‘वाउके’ म्हणजे कागदी तुती. तिची काठी सरळ, निर्डोळी वाढावी म्हणून बाजूचे फुटवे लहानपणींच खुडावे लागतात. कारण जेथें फांदी फुटली तेथें पुढें वस्त्रास भोंक पडणार. म्हणजे वस्त्राचें काम शेतांतच सुरू झालें. मग साल सोलून, शिंपल्यानें वरचें कवच खरवडून, आंतली पांढरी साल पाण्यांत भिजवावयाची. दगडावर गोल बडवण्यानें बडवून तिच्या पट्ट्या करावयाच्या. त्या वाळवून, पुन्हां भिजवून आंबूं द्यावयाच्या. आणि मग लांकडाच्या लांब ऐरणीवर चौकोनी बडवण्यानें पट्टीस पट्टी मिळवीत बडवावयाचें. बडवण्याच्या चारहि बाजूंवर निरनिराळी कोरीव नक्षी असते; ती शेवटच्या बडवणीत वस्त्राच्या अंगांत उमटते व कापड उजेडाकडे धरलें असतां दिसते. ही दोनदां बडवण्याची, मध्यें आंबवण्याची तऱ्हा आणि ही अंगांतली नक्षी हवाईचें वैशिष्ट्य होय. रंगास हळद होतीच. ‘नोनि’ म्हणजे बारतोंडीच्या मुळीपासून पिवळा, आणि पोंवळ्याचा चुना मिळविल्यास तांबडा. आमच्याकडे आलीच्या मुळांनीं कापड तांबडें रंगवीत असत, ती हीच.

हवाईंतील स्त्रियांची ही कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. सुती कापड व्यापाऱ्यांनीं आणलें, मिशनऱ्यांनीं अंगावर चढविलें, आणि बडवण्याचा आवाज थांबला. सामोआ व टोंगा येथें तो थांबला नाहीं. टोंगाच्या स्त्रिया एकत्र बसून सालीचें प्रचंड लांबीचें ‘ङातु’ अद्यापि करितात व लग्नांत, मयतांत देतात. १९७० नंतरच्या दशकांत हवाईंतील कांहीं स्त्रियांनीं ही विद्या पुन्हां हस्तगत करावयाचें मनावर घेतलें, तेव्हां घरांत शिकविणारी आजी उरली नव्हती. म्यूझियममधील जुने तुकडे, जुनीं बडवणीं, लिहिलेल्या नोंदी आणि इतर बेटांवरील भगिनी, एवढींच साधनें. ‘वाउके : सालीचें वस्त्र’ ही ओळ तेव्हां काय कामाची होती, हें आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

या कसोटीस उतरणारा दुसरा ग्रंथकार म्हणजे ते रांगी हिरोआ, ज्यांस इंग्रज पीटर बक म्हणत. आई माओरी, स्वतः वैद्यकाची पदवी घेतलेले, १९३६ पासून १९५१ सालीं मृत्यु येईपर्यंत बिशप म्यूझियमचे संचालक. चटई कशी विणतात तें लिहिण्यापूर्वीं ते ती विणावयास शिकत. सामोआच्या वस्तूंवरील त्यांचा १९३० सालचा ग्रंथ रुक्ष आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. नारळाच्या काथ्याचा पीळ मांडीवर कसा वळावा आणि त्याच्या दोरीनें घराचें लांकूड लांकडास कसें बांधावें, याचीं पानेंच्या पानें वाचतांना झोंप आवरणें कठीण जातें. पण त्या बेटांवर खिळा नव्हता. घर काय आणि नौका काय, सारी या काथ्यावरच उभी होती, आणि सामोआचे वृद्ध पुढारी सभेंत बसले असतांहि हात रिकामा न ठेवतां काथ्याच वळीत असत. त्या ग्रंथावरून मनुष्य बांध बांधूं शकेल. झोंप आणणाऱ्या किती ग्रंथांविषयीं असें म्हणतां येईल?

त्यांच्याच जन्मभूमींतील एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंड थंड, तेथें नारळ, नीरफणस, केळ कांहींच टिकलें नाहीं. कागदी तुती बरोबर आणली होती, पण ती कशीबशी जगली; १७६९ सालीं कुक आला तेव्हां थोडींशीं झाडें जपून ठेवलेलीं होतीं, पुढें तींहि गेलीं. तेव्हां माओरींनीं ‘हाराकेके’ या लांब पात्यांच्या झाडाचा धागा काढून वस्त्र गुंफण्याची सर्वस्वी नवी विद्या उभी केली. झाडें मागें राहिलीं तरी त्यांच्याशीं वागण्याची रीत लोकांच्या हातीं राहिली होती. हाराकेकेच्या मधल्या कोंवळ्या पात्यास माओरी ‘रितो’ म्हणजे बालक मानतात आणि त्याच्या दोहों बाजूंचीं पातीं आईबाप. कापतांना बाहेरचीं वडील पातीं घ्यावीं, बालकास व आईबापांस हात लावूं नये.

औषधांविषयीं आम्ही थोडक्यांत लिहितों, कारण या प्रकरणीं उत्साही लेखकांनीं वाचकांस पुरेसें फसविलें आहे. नोनीच्या रसाच्या बाटल्या सर्व रोगांवर म्हणून जगभर विकल्या गेल्या. ज्या हवाईचें नांव त्यांवर सांगतात तेथें जुन्या काळीं नोनि मुख्यतः बाहेरून लावण्यास व रंगास वापरीत. सामोआंतील ‘मामाला’ झाडाची गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथील वैदू स्त्रिया त्याच्या सालीचा काढा काविळीसारख्या दुखण्यावर देत. त्यांतून निघालेलें प्रोस्ट्राटिन हें द्रव्य एड्सच्या विषाणूवर परिणाम करितें असें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें, आणि २००१ सालीं एका अमेरिकन संशोधनसंस्थेनें पुढें नफा झाल्यास शेंकडा २० भाग सामोआस देण्याचा करार केला. औषध अद्यापि झालेलें नाहीं. पण ज्ञान कोणाचें हा प्रश्न तरी कागदावर मान्य झाला.

हवाईंत तो मान्य करून घ्यावा लागला. तेथील विद्यापीठानें अळवाच्या तीन संकरित जाती तयार करून २००२ सालीं त्यांवर पेटंट घेतलें. शेतकरी चिडले, थोरल्या भावावर मालकी कोण सांगतो, असा त्यांचा सवाल होता. २००६ सालीं विद्यापीठानें पेटंटें सोडून दिलीं. पाण्याचेंहि तसेंच. साखरेच्या मळ्यांसाठीं डोंगर पोखरून ओढ्यांचें पाणी पलीकडे वळविलें, आणि अळवाचीं खाचरें सुकलीं. ओआहू बेटावरील वाइआहोलेचा कालवा १९१६ सालचा. मळे बंद पडूं लागले तेव्हां तें पाणी ओढ्यांस परत मिळावें म्हणून तंटा झाला, आणि २००० सालीं हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानें पाणी ही लोकांची ठेव आहे असें ठरविलें. ॲबट यांच्या ग्रंथाविषयीं आमची तक्रार असेल तर येथेंच. त्यांचा भर युरोपियन येण्यापूर्वींच्या काळावर आहे. खाचर कसें बांधीत तें त्या उत्तम सांगतात; तें सुकलें कसें व कोणामुळें, हें समजण्यास वाचकास दुसरीकडे जावें लागतें. शास्त्रज्ञाचा संयम म्हणून आम्ही तो समजूं शकतों, परंतु ज्या लेखिकेची आई शेवाळें वेंचीत होती तिच्याकडून आणखी चार कडक पानांची आम्हांस अपेक्षा होती.

नौकेचें प्रकरण वाचतांना ही उणीव फार जाणवते. नौकेस ‘कोआ’ हें बाभळीच्या कुळांतील अरण्यवृक्षाचें लांकूड. झाड निवडतांना सुतारांचा मुख्य ‘एलेपाइओ’ या लहान पक्ष्याकडे पाही. पक्षी खोडावर टोंचे मारूं लागला तर आंत किडे आहेत असें समजून तें झाड सोडून देत. १९९० च्या सुमारास हवाईंतील कांहीं लोकांनीं जुन्या पद्धतीची मोठी जोडनौका शक्य तितकी बेटावरच्या साहित्यानें बांधावयाची ठरविली, आणि कोआसाठीं अरण्यें पालथीं घातलीं. नौकेस पुरेल असें धड खोड त्यांस मिळालें नाहीं. गुरें चारून व तोड करून तीं अरण्यें विरळ झालीं होतीं. शेवटीं अलास्कांतील आदिवासींच्या सीअलास्का मंडळानें सुमारें ४०० वर्षें वयाचे दोन स्प्रूस वृक्ष भेट देऊं केले. ते तोडण्यापूर्वीं हवाईच्या लोकांनीं आपल्या बेटावर कोआचीं रोपें लावलीं. नौका १९९३ सालीं पाण्यांत उतरली, तिचें नांव ‘हवाईलोआ’. १९९५ सालीं ती अलास्कांत नेऊन वृक्ष देणारांचे आभार मानून आली. लावलेलीं कोआचीं झाडें नौकेजोगीं होण्यास पुष्कळ पिढ्या जाव्या लागतील. सुतार तोंवर एलेपाइओची भाषा विसरले नाहींत म्हणजे झालें.